वास तरी घ्यायचा होता तोंडाचा!

मंडळी, पोस्ट मोठी आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी एवढंच वाचा : गेल्या आठवड्यापासून आपल्या तालुक्याच्या सगळ्या ग्रुपवर एसटी स्टँडवरचा जो व्हिडिओ फिरतोय, 'भर दुपारी गडी टाइट' असं वर लिहिलेला, त्यातला माणूस प्यायलेला नव्हता. आयुष्यात कधी प्यायलेला नाही. त्याला आजार आहे. व्हिडिओ मोबाइलमधून उडवा आणि ज्या ज्या ग्रुपवर पुढे ढकललात तिथे 'चूक झाली' एवढे दोन शब्द लिहा. अंगठे दाखवायला जेवढा वेळ लागला त्याहून जास्त लागणार नाही.

ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी पुढचं.

त्या माणसाचं नाव, गाव, आडनाव मी लिहिणार नाही. ओळखणाऱ्यांनी कॉमेंटमध्येही लिहू नका, लिहिलंत तर कॉमेंट उडवीन. त्याच्या घरी जाऊन, त्याला आणि त्याच्या बायकोला विचारून हे लिहितोय. वय त्रेचाळीस. माळकरी घर. दरवर्षी नाही जमलं तरी एकाआड एक वर्ष वारी. गावच्या भजनात पंधरा-सोळा वर्षं पखवाज याच्याकडे होता. पाच वर्षांपूर्वी पहिल्यांदा लक्षात आलं ते तिथेच. हात थापेवर वेळेत पडेना. बुवा मागे वळून बघायला लागले. याला वाटलं झोप कमी झाली असेल. मग जिना उतरताना भिंत धरावी लागायला लागली. मग सही बदलली, बँकेने चेक परत पाठवला. मग शब्द. 'र' आणि 'ल' जिभेवरून घसरायला लागले, बोलणं तुटक, मध्येच मोठं मध्येच बारीक. तो एमआयडीसीतल्या एका कंपनीत वॉचमन होता. सुपरवायझरने दोनदा समज दिली आणि तिसऱ्यांदा 'ड्युटीवर पिऊन येतो' म्हणून काढून टाकलं. कागदावर काही नाही, तोंडीच.

त्या दिवशी स्टँडवर तो एसटीतून उतरत होता. एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताने दांडा धरायला गेला, दांडा चार बोटं बाजूला राहिला आणि तो खाली आला. उठायचा प्रयत्न केला, परत पडला. पाणी मागितलं तर जीभ वळेना. पुढचे अठ्ठेचाळीस सेकंद तुम्ही सगळ्यांनी पाहिलेत. 'काका, कितीची मारली?' हेही ऐकलंत. व्हिडिओ संपल्यावर काय झालं ते मात्र त्यात नाही. पुढच्या गाडीच्या कंडक्टरने त्याला चढू दिलं नाही. 'पिलेला माणूस गाडीत घेत नाही' म्हणाला. संध्याकाळी मेव्हणा मोटारसायकल घेऊन येईपर्यंत तो रसवंतीच्या मागे बसून होता, गुडघा फुटलेला.

त्याची बायको मला म्हणाली, 'भाऊ, हसायच्या आधी कुणी वास तरी घ्यायचा होता तोंडाचा. आणि गळ्यातली माळ दिसली नाही का एकालाही?'

आता आजाराबद्दल. नाव अटॅक्सिया. हा शब्द ग्रीक आहे, अर्थ साधारण 'घडी विस्कटणं' असा. डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर, लहान मेंदू असतो. वजनाने सगळ्या मेंदूच्या दहाव्या हिश्श्याएवढा, पण आपल्या एकूण चेतापेशींपैकी निम्म्याहून कितीतरी जास्त त्या एवढ्याशा गोळ्यात भरलेल्या असतात. हात उचलायचा हुकूम मोठा मेंदू देतो. तो हात किती वेगाने, किती अंतर, कुठे थांबवायचा, एका स्नायूने ओढताना दुसऱ्याने किती सैल सोडायचं, हा सगळा हिशोब लहान मेंदू ठेवतो. पेला उचलताना तो तोंडाशीच येतो, कपाळावर आपटत नाही, ही त्याची कृपा. बोलणं म्हणजे तर जीभ, ओठ, टाळू, स्वरयंत्र आणि श्वास या सगळ्यांनी एका वेळेला समेवर येणं. लहान मेंदू बिघडला की ताकद जात नाही, पण ताळमेळ जातो. पाय फाकवून चालावं लागतं, झोकांड्या जातात, हात थरथरतो, नेम चुकतो, बोलणं जड होतं. अशा बऱ्याच पेशंटची समज शाबूत असते. म्हणजे तो पडतो तेव्हा त्याला सगळं ऐकू येतं, सगळं कळतं. फक्त उत्तर देता येत नाही.

आणि दारू काय करते? दारू मेंदूत जिथे जिथे झोंबते त्यातली एक ठळक जागा हाच लहान मेंदू. प्यायलेल्याचे पाय लटपटतात, जीभ जड होते ती यामुळे. परदेशी सिनेमात पोलीस ड्रायव्हरला रेघेवर टाचेला पंजा लावून चालायला लावतात, बघितलंय ना? मेंदूचा डॉक्टर अटॅक्सियाच्या पेशंटला तपासताना हुबेहूब तेच करायला लावतो. एकच परीक्षा, नापास होणारे दोन वेगळे. नुसत्या डोळ्यांनी त्यांच्यात फरक करणं जिथे डॉक्टरला अवघड, तिथे स्टँडवरचा मोबाइलवाला तो अर्ध्या सेकंदात करतो.

आणखी एक. या माणसाचे डोळे व्हिडिओत 'तारवटलेले' दिसतात म्हणून बऱ्याच जणांनी लिहिलंय. त्याच्या आजाराचा प्रकार एससीए-२. यात नजर एका जागेवरून दुसऱ्या जागेवर झटकन जात नाही, सावकाश सरकते. बाजूला बघायचं तर मान वळवावी लागते. बघणाऱ्याला वाटतं नशेत आहे.

आता खरी चीड आणणारी गोष्ट सांगतो. ही सावकाश सरकणारी नजर आणि झोकांड्या, असा आनुवंशिक आजार वेगळा आहे, हे जगाला पहिल्यांदा नीट कुणी सांगितलं ठाऊक आहे? लंडनने नाही, न्यूयॉर्कने नाही. आपल्या मुंबईने. जे. जे. रुग्णालयात मज्जाविकार विभाग ज्यांनी उभा केला, त्या डॉ. नोशिर वाडियांनी सहकारी डॉ. स्वामींच्या साथीने १९७१ साली 'ब्रेन' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात नऊ भारतीय कुटुंबांचा अभ्यास छापला. त्याचा जनुक सापडायला पुढे १९९६ उजाडलं. म्हणजे जनुक सापडण्याच्या पंचवीस वर्षं आधी मुंबईतल्या डॉक्टरने पेशंटच्या डोळ्यांत बघून ओळखलं. वाडियांना २०१२ साली पद्मभूषण मिळालं, २०१६ साली ते गेले. आणि त्याच मुंबईपासून एका रात्रीच्या एसटीच्या अंतरावर आपण आज त्याच डोळ्यांत बघून 'टाइट' म्हणतोय.

या माणसाचा बाप असाच गेला. वयाच्या साठीत चालणं बिघडलं, बोलणं गेलं. गावाने ठरवलं, चोरून पितो. म्हाताऱ्याला पारावर बसू देईनात. मुलांनी दोनदा दारू सोडवायच्या औषधाला नेलं, कुठल्याशा बाबाची पुडी जेवणातून घातली. जो पीतच नव्हता त्याची दारू कशी सुटणार? शेवटी खाताना ठसका लागायचा, अन्न श्वासनलिकेत जायचं, न्यूमोनिया झाला आणि गेला. या आजारात शेवट बऱ्याचदा असाच होतो. तेराव्याला आलेल्या भाऊबंदांपैकी एकाने 'दारूने खाल्लं बघा' असं म्हटल्याचं याला आजही आठवतं. आज स्वतःच्या बाबतीत हा तेच ऐकतोय.

बापाला साठीत, मुलाला अडतिशीत. गावात लगेच कुजबूज, 'शाप आहे घराण्याला, पिढीगणिक लवकर येतोय.' पिढीगणिक लवकर येतोय हे बरोबर आहे, शाप मात्र नाही. एससीएच्या बऱ्याच प्रकारांत जनुकातलं एक छोटं अक्षर-त्रिकूट गरजेपेक्षा जास्त वेळा लिहिलं गेलेलं असतं. पुढच्या पिढीत जाताना ही पुनरुक्ती वाढू शकते, आणि वाढली की आजार लवकर उगवतो. देवऋषाकडे न्यायची गरज नाही. (नेलं होतं. कोंबडं आणि अकरा हजार गेले. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे, तो वाचलेला एक तरी देवऋषी मला दाखवा.) बाईला हाच आजार झाला तर बाटलीऐवजी 'अंगात आलंय' म्हणायचं, एवढाच फरक.

एससीएचे चाळीसच्या वर प्रकार आहेत. आपल्या देशात एक, दोन, तीन आणि बारा नंबरचे जास्त दिसतात. बारा नंबरचा तर प्रामुख्याने उत्तरेकडच्या अग्रवाल समाजात सापडला. बंगळुरूच्या निम्हान्सने, दिल्लीच्या एम्सने त्यावर काम केलंय. या प्रकारांत आई-बापांपैकी एकाला आजार असेल तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. याउलट फ्रेडरिकचा अटॅक्सिया म्हणून जो आहे, जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या डॉक्टरने १८६३ साली वर्णन केलेला, तो पोरांना शाळेच्या वयात गाठतो. त्यात आई-बाप दोघेही धडधाकट असतात, पण दोघांकडे बिघडलेली एकेक प्रत लपलेली असते. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाला चारात एक धोका. नात्यात लग्न झालं की दोघांकडे सारखीच बिघडलेली प्रत असण्याचा संभव वाढतो. आपल्याकडे मामाची पोरगी म्हणजे हक्काची, हे अजून चालतं. लग्नाच्या पत्रिका छापायच्या आधी एवढं तरी माहीत असावं, म्हणून लिहिलं. कुणाच्या घरच्या सोयरिकीवर बोट ठेवायचा हेतू नाही.

औषधाचं काय, असं इनबॉक्समध्ये विचारलंय. आनुवंशिक एससीए उलटा फिरवणारं औषध आज नाही. फ्रेडरिकसाठी ओमाव्हेलोक्सोलोन नावाचं एक औषध अमेरिकेत फेब्रुवारी २०२३ मध्ये मंजूर झालं. आजार जरा धीमा करतं. किंमत वर्षाला पावणेचार लाख डॉलरच्या आसपास. आपल्या तालुक्यात हा आकडा रुपयांत करून बघायचं धाडस कुणी करू नये. पण तोलाचे व्यायाम, बोलण्याचे आणि गिळण्याचे धडे यांनी माणूस जास्त काळ स्वतःच्या पायावर राहतो. हे लाखांचं काम नाही, आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपिस्ट मिळण्याचं आहे. क्युबासारख्या गरीब देशाने ओल्गिन प्रांतात हा आजार खूप घरांत दिसतो म्हणून तिथे खास अटॅक्सियाचं केंद्र उभारलंय. आपल्याकडे या माणसाला सर्वात जवळची स्पीच थेरपी कुठे, याचं उत्तर शोधायला मला तीन फोन करावे लागले आणि उत्तर आलं, जिल्ह्याला.

पण माझं भांडण फक्त या एका आजारापुरतं नाही. झोकांडी आणि जड जीभ दिसली की दारू, हा जो शिक्का आपण मारतो, त्याने जीव जातात. लहान मेंदूत रक्ताची गुठळी अडकली तर माणूस काय करतो? गरगरतं, भडाभडा ओकतो, सरळ उभं राहता येत नाही, बोलणं बोबडं होतं. वर्णन ओळखीचं वाटतंय ना? गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आपण त्याला 'उतरली की उठेल' म्हणून झाडाखाली झोपवतो. साखर एकदम खाली गेलेला मधुमेही असाच बरळतो आणि अडखळतो, त्याला गुळाचा खडा हवा असतो. मिरगीच्या गोळ्या, विशेषतः फिनिटोइन, डोस जास्त झाला तर हुबेहूब हेच होतं. डोस वेळीच कमी केला तर बहुतेक जण सावरतात, नाही केला तर कायमचं नुकसान होऊ शकतं. उन्हाचा तडाखा बसलेल्याचा लहान मेंदू कायमचा अधू झाल्याची उदाहरणं वैद्यकशास्त्रात आहेत. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा कुठे जातो ते मी सांगायला नको. बी-१२ची कमतरता, थायरॉइड, यांनीही तोल जातो आणि यावर उपचार आहेत, स्वस्त आहेत. फक्त कुणीतरी त्या माणसाला दवाखान्यात न्यायला हवं. हातात मोबाइल धरून कुणी कुणाला उचलू शकत नाही, साधी गोष्ट आहे.

बरं, खरंच प्यायलेला असला तर? तरी डोक्याला मार लागलाय का ते बघायला नको? आणि वर्षानुवर्षं पिणाऱ्याचा लहान मेंदू झिजतो, तो दारू सोडल्यावरही पूर्ववत होईलच असं नाही. आपल्या पेठेत एक गृहस्थ आहेत, नऊ वर्षं झाली थेंब घेतला नाही. चाल मात्र तशीच. त्यांना बघून लोक म्हणतात, 'कुठे सोडलीय, बघा की!' त्या माणसाने नऊ वर्षं लढून जिंकलेली लढाई आपण रोज चौकात हरवतो.

आता कॉमेंटमध्ये काय येणार ते मला माहीत आहे. 'पत्रकार बेवड्यांची बाजू घेतोय.' ज्या बाईने नवऱ्याच्या दारूपायी मंगळसूत्र विकलं तिला झोकांडी बघून संताप येतो, तो मला समजतो. बाटली आडवी करायला ज्या बाया उन्हात रांगेत उभ्या राहिल्या त्यांच्या बातम्या मी पहिल्या दिवसापासून लावल्यात. पण व्हिडिओ काढणारे या बायांच्या रांगेत नव्हते हो. त्यातल्या दोघांना तर मी ओळखतो, शनिवारी ते कुठे बसतात तेही. दारूविरुद्ध बोलायची यांची हिंमत अड्ड्यासमोर होत नाही, पडलेल्या माणसासमोर होते.

पोलिसांबद्दल. दारूबंदी कायद्याचं कलम ८५ सार्वजनिक जागी दारू पिऊन भान नसलेल्यासाठी आहे. त्यात आधी 'दारू' सिद्ध व्हायला हवी. वैद्यकीय तपासणीचा जो ठरलेला नमुना आहे त्यात वास, बोलणं, चाल, बाहुल्या असे रकाने भरतात. अटॅक्सियाचा पेशंट यातल्या चाल आणि बोलणं या दोन रकान्यांत कायम दोषी. म्हणून वास आणि रक्त याला महत्त्व. गाडी चालवणाऱ्यासाठी तर मोटार वाहन कायद्यात आकडाच दिलाय, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त. फुंकायचं यंत्र ठाण्यात आहे. आधी यंत्र, मग काठी, एवढा क्रम ठेवा साहेब. आणि आमच्या बातमीदारांनीही. अपघात झाला, ड्रायव्हर अडखळत बोलत होता, की दुसऱ्या दिवशी 'मद्यधुंद' छापून मोकळे. रक्ताचा अहवाल आठ-पंधरा दिवसांनी येतो, तो कुणी छापत नाही. 'मद्यधुंद' हा शब्द अहवाल हातात असल्याशिवाय लिहू नये. डेस्कवाल्यांनी कितीही मागितला तरी.

सगळ्यात जास्त राग मला दिव्यांग प्रमाणपत्राचा आहे. व्हिडिओच्या आधीची गोष्ट. याने अर्ज केला, तपासणीच्या दिवशी गेला. तो सांगतो ते असं : समोरच्याने हात दाबायला सांगितलं, याने दाबला, पाय ढकलायला सांगितलं, याने ढकलला. 'ताकद आहे की. हात-पाय शाबूत आहेत. कशाला पाहिजे सर्टिफिकेट?' टक्के चाळीसच्या खाली. चाळीसच्या खाली म्हणजे योजनांच्या दाराबाहेर. एसटीच्या तिकिटातली ७५ टक्के सवलत नाही, निराधार योजनेला पात्र नाही. ताकद असणारच होती! या आजारात ताकद जातच नाही हे वर लिहिलंय. वजनकाट्यावर उंची मोजायला ठेवल्यासारखं झालं हे.

आणि असं मोजायला कायद्याने सांगितलेलंच नाही. हाताचं अपंगत्व मोजण्याच्या सरकारी पद्धतीत हालचाल आणि ताकद यांच्यासोबत समन्वयाच्या दहा कृती तपासायच्या असतात, प्रत्येकीला ९ टक्के. नाकाला हात लावणं, आपल्या पद्धतीने हाताने जेवणं, पेल्याने पाणी पिणं, गुंडी लावणं, नाडी बांधणं, लिहिणं, अशा. या माणसाला नाडी बांधता येत नाही, बायको बांधते. पाणी अर्ध्या पेल्याहून जास्त भरून देता येत नाही. सही येत नाही. एक जरी कृती करून घेतली असती तरी दिसलं असतं. घेतली नाही, कारण रांग मोठी होती आणि दीड वाजता जेवणाची सुट्टी.

दुसरं उत्तर त्याला खिडकीवर मिळालं, 'या आजाराचं नाव यादीत नाही.' ऐका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले. त्यात दीर्घकालीन मज्जासंस्थेचे आजार आहेत. तिथे मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन ही दोन नावं आहेत, पण त्यांच्या आधी 'जसे की' आहे. जसे की म्हणजे उदाहरणादाखल. आमच्या शाळेत गुरुजी 'फळे, जसे की आंबा व पेरू' असं शिकवायचे, म्हणून कुणी केळ्याला फळ नाही म्हटलं नाही. बोलण्याचं अपंगत्व त्याच यादीत वेगळं आहेच, तेही तपासता आलं असतं.

त्याच कायद्याचं कलम ९२ व्हिडिओवाल्यांनी जरूर वाचावं. दिव्यांग व्यक्तीचा लोकांसमोर हेतुपुरस्सर अपमान केला तर किमान सहा महिने, जास्तीत जास्त पाच वर्षं कैद आणि दंड. 'आम्हाला कुठे माहीत होतं तो दिव्यांग आहे' हा बचाव परवापर्यंत कदाचित चालला असता. आता ही पोस्ट वाचल्यावर ज्याच्या ग्रुपवर तो व्हिडिओ उद्याही फिरेल, त्याला माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जुलै २०२४ मध्ये सिनेमातल्या चित्रणाबद्दल निकाल देताना अपंगत्व समजून घेणारा विनोद वेगळा आणि अपंगाला खाली खेचणारा वेगळा, असा फरक केलाय. कुणावर केस करा असं मी त्या घराला सांगितलेलं नाही. त्याची मुलगी बारावीला आहे, तिच्या क्लासच्या ग्रुपवरही तो आला होता. ती चार दिवस क्लासला गेली नाही. तिला आजाराचं निम्म्या शक्यतेचं गणित माहीत आहे, गुगलवर वाचलंय तिने. तपासणी करायची की नाही, कधी करायची, हे तिचं ती सज्ञान झाल्यावर समुपदेशन घेऊन ठरवील. त्यात नातेवाइकांनी, सोयरिकी आणणाऱ्यांनी आणि शेजाऱ्यांनी पडू नये.

परदेशात असे पेशंट खिशात कार्ड ठेवतात, 'मी प्यायलेलो नाही, मला अमुक आजार आहे.' मेव्हण्याने तसं एक मराठीत छापून लॅमिनेट करून दिलंय. चांगली सोय आहे. मला मात्र ते बघून कसंतरीच झालं. न पिणाऱ्याने न पिण्याचा दाखला गळ्यात घालून फिरायचं, आणि पिणारे बिनदाखल्याचे.

आता काय करायचं ते. आगारप्रमुखांना मी भेटलो, सभ्य माणूस आहे. पडलेल्या प्रवाशाला आधी बसवायचं, पाणी द्यायचं, १०८ ला फोन करायचा, वास आला नाही तर 'पिलेला' म्हणून गाडीतून उतरवायचं नाही, एवढं चालक-वाहकांच्या बैठकीत सांगतो म्हणालेत. पाणी देताना एक सांभाळा, अशा पेशंटला पातळ पाणी पटकन ठसका लावतं. बसवून, हनुवटी खाली, घोट घोट. आडवा असताना तोंडात ओतू नका. आशाताईंनो, तुमच्या वस्तीत 'चोरून पितो' असा शिक्का बसलेला आणि घरचे नाही म्हणतात असा कुणी असेल तर त्याचं नाव कृपया डॉक्टरांच्या कानावर घाला. या माणसाच्या प्रमाणपत्राविरुद्ध अपील दाखल केलंय, मेंदूच्या एमआरआयचा रिपोर्ट जोडलाय. लहान मेंदू आकसलाय असं त्यात स्वच्छ लिहिलेलं आहे. फेरतपासणीच्या दिवशी मी सोबत जाणार आहे आणि दहाच्या दहा कृती करून घेतल्याशिवाय उठणार नाही.

शेवटचं. ग्रामपंचायत असो की महापालिका, स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. आपल्या नगरपंचायतीने गेल्या तीन वर्षांत तो किती जमा केला आणि कशावर खर्च केला, असा माहिती अधिकाराचा अर्ज मी सोमवारी टाकलाय. उत्तराला तीस दिवस मुदत आहे. आलं की इथेच टाकतो, नाही आलं तर तेही टाकतो. स्पीच थेरपिस्ट महिन्यातून दोन दिवस ग्रामीण रुग्णालयात येण्याचा खर्च त्यातून निघतो का, हे विचारायचंय. तालुक्यात असे आणखी कुणी असतील तर मला इनबॉक्समध्ये कळवा. नावं कुठेही जाणार नाहीत.